कॉल कधी लागतो, कधी नाही: सिग्नलिंग सर्व्हरचा रोजचा ताप आणि त्यावरचा उतारा

लक्षणं आधी सांगते. तुमचंही हेच दुखणं असेल तरच पुढे वाचा.

ब्राउझरमधून ब्राउझरला व्हिडिओ कॉल. मधे नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) लिहिलेला साठ-सत्तर ओळींचा सिग्नलिंग सर्व्हर, म्हणजे कॉल लागण्याआधीचे निरोप दोघांत पोचवणारा. आपल्याच लॅपटॉपवर दोन टॅब उघडले की कॉल पहिल्या फटक्यात लागतो. घरच्या वायफायवर फोन आणि लॅपटॉप घेतले तरी लागतो. समोरचा माणूस दुसऱ्या गावी बसला की मात्र निम्मे कॉल 'जोडत आहे'वर अडकतात आणि थोड्या वेळाने मान टाकतात. पान रिफ्रेश केलं की कधी लागतो, कधी नाही. सर्व्हरचा लॉग उघडावा तर सगळं आलबेल: ऑफर (कॉलचा प्रस्ताव) गेली, आन्सर (त्याचं उत्तर) आलं, कँडिडेट (एकमेकांचे पत्ते) पोचले.

माझ्या बाबतीत दुसऱ्या गावी बसलेला माणूस म्हणजे आत्या. ती वाईला असते, पेटी शिकवते. तिचे दोन विद्यार्थी पुण्यात आहेत, एक ठाण्यात. नेहमीच्या कॉलिंग अ‍ॅपवर अडचण अशी की पेटीचा लांब धरलेला सूर त्यांना पंख्याची घरघर वाटते आणि ती अ‍ॅप तो इमानेइतबारे पुसून टाकतात. ब्राउझरमध्ये मायक्रोफोन मागताना नॉइज सप्रेशन, एको कॅन्सलेशन आणि ऑटो गेन हे तिन्ही बंद करता येतात. (एको कॅन्सलेशन बंद केलंत तर दोघांनीही हेडफोन लावायचे, नाहीतर कानठळ्या.) एवढ्यासाठी मी स्वतःचं पान बनवायला घेतलं. दोन दिवसांचं काम वाटलं होतं. दोन दिवसांत झालंही. पुढचे तीन आठवडे 'कधी लागतो, कधी नाही' यात गेले.

सर्व्हर नेमकं काय करतो, ते दोन वाक्यांत सांगते, कारण निदान त्यावरच अवलंबून आहे. वेबआरटीसी या ब्राउझर-कॉलच्या मानकाने दोन ब्राउझरमधला आवाज आणि चित्र कसं जावं हे ठरवून दिलं, पण सुरुवातीचे निरोप कुणी, कसे पोचवायचे हे मुद्दाम आपल्यावर सोडलं. म्हणून सिग्नलिंग सर्व्हर हा लग्न जुळवणारा मध्यस्थ: पत्रिका इकडून तिकडे न्यायची, पत्ते द्यायचे, आणि बाजूला व्हायचं. पत्रिका म्हणजे एसडीपी (आवाज-चित्र कसं पाठवता येईल याचं वर्णन), ती ऑफर आणि आन्सर अशी दोनदा जाते. पत्ते म्हणजे आइस कँडिडेट (आइस ही दोघांमधली वाट शोधायची रीत), ते एकेक करून मागाहून येत राहतात. आणि बाजूला व्हायचं म्हणजे अगदी खरोखर बाजूला. कॉल चालू असताना सर्व्हर बंद करून बघा. चित्र हलत राहतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चुकीचा सर्व्हर बंद केला की काय म्हणून दोनदा तपासलं होतं.

आता माझं चुकीचं निदान. कॉल अडकला की सगळे सांगतात तेच मीही धरून चालले: नॅटचा (घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी राउटरची सोय) प्रश्न असणार, स्टनने (आपला बाहेरचा पत्ता सांगणारा सर्व्हर) भागत नाही, टर्न सर्व्हर (मधे राहून आवाज-चित्र पुढे ढकलणारा) लाव. लावला. कोटर्न (टर्न सर्व्हरचं तयार सॉफ्टवेअर) बसवलं, पोर्ट उघडले, एक अख्खा शनिवार घातला. फरक शून्य. कधी लागतो, कधी नाही, ते तसंच.

खरा धागा फोनवर सापडला. कॉल लागत नव्हता म्हणून मी साध्या फोनवरून आत्याशी बोलत होते.

"आत्या, तुला परवानगीचा प्रश्न आलाय का स्क्रीनवर?"

"आलाय गं, पण थांब, चष्मा घेते. न वाचता मी कशावर हो म्हणत नाही."

तिच्या आयफोनवरची सफारी कॅमेरा-मायक्रोफोनची परवानगी दर भेटीला नव्याने विचारते. माझ्या लॅपटॉपवरचं क्रोम एकदा हो म्हटलं की लक्षात ठेवतं. म्हणजे माझ्याकडे 'परवानगी मागणे' हे काम काही मिलिसेकंदांचं, आणि तिच्याकडे चष्मा सापडेपर्यंतचं. रिफ्रेश केल्यावर कधीकधी कॉल लागायचा, कारण तोवर चष्मा नाकावर असायचा आणि बोट तयार.

मी पानावरच एक छोटी नोंदवही काढली. प्रत्येक घटना आणि पान उघडल्यापासून नव्हे, ऑफर आल्यापासून किती सेकंद झाले ते. आत्याने स्क्रीनशॉट पाठवला. त्यात हे होतं:

०.० ऑफर आली
०.१ कँडिडेट आला, पीसी नाही, सोडला
०.१ कँडिडेट आला, पीसी नाही, सोडला
०.२ कँडिडेट आला, पीसी नाही, सोडला
०.४ कँडिडेट आला, पीसी नाही, सोडला
११.६ कॅमेरा मिळाला
११.७ रिमोट डिस्क्रिप्शन लावलं
११.८ आन्सर पाठवलं

'पीसी' म्हणजे पीअर कनेक्शनचं ऑब्जेक्ट. माझ्या कोडमध्ये ऑफर आली की आधी कॅमेरा मागायचा, तो मिळाला की पीअर कनेक्शन तयार करायचं, मग ऑफर त्याला द्यायची, असा क्रम होता. वाचायला अगदी सरळ. पण ऑफरच्या पाठोपाठ माझे कँडिडेट तिच्याकडे अर्ध्या सेकंदात पोचत होते आणि तेव्हा दार उघडायलाच कुणी नव्हतं. 'पीसी नसेल तर परत फिर' ही ओळ मीच घातली होती. सुरुवातीला कन्सोलमध्ये लाल एरर दिसत होती, ती जावी म्हणून. एरर गेली आणि रोग आत राहिला.

तुमच्या कोडमध्ये पीअर कनेक्शन आधीच तयार असेल, पण सेट-रिमोट-डिस्क्रिप्शन (समोरच्याची पत्रिका लावणं) व्हायच्या आत अ‍ॅड-आइस-कँडिडेट हाक मारली जात असेल, तर किमान कन्सोल ओरडतो: इनव्हॅलिड स्टेट एरर, आणि क्रोममध्ये 'रिमोट डिस्क्रिप्शन नल होतं' अशा अर्थाचं वाक्य. ते दिसलं तर नशीबवान आहात. आणि ती हाक रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये गुंडाळली असेल तर आधी तो ब्लॉक उघडा.

इथे मला एक गोष्ट बराच वेळ कळत नव्हती. सगळेच कँडिडेट टाकून दिले जात असतील तर कॉल कधीच लागायला नको. घरच्या वायफायवर तो बिनबोभाट का लागतो?

उत्तर आइसच्या रीतीत आहे. आत्याच्या ब्राउझरला माझा पत्ता मिळाला नाही, तरी तिचे पत्ते मला मिळालेले असतात, कारण आन्सर आणि तिचे कँडिडेट माझ्याकडे वेळेवर येतात. मग माझा ब्राउझर तिच्या पत्त्यांवर तपासणीचे पॅकेट पाठवायला लागतो. ते पॅकेट पोचलं, की ते कुठून आलं हे बघून तिचा ब्राउझर माझा पत्ता स्वतःच टिपून घेतो. याला पीअर रिफ्लेक्सिव्ह कँडिडेट म्हणतात. एकाच वायफायवर मधे नॅट नसतो, पॅकेट थेट पोचतं, कॉल लागतो. चूक झाकली जाते.

दोन वेगळ्या गावांत तसं नाही. तिच्या राउटरचा नॅट साधारण असा वागतो की आतून ज्या पत्त्याला आधी काही गेलं असेल, त्याच पत्त्यावरून आलेलं आत सोडायचं. तिच्या ब्राउझरला माझा पत्ताच माहीत नाही, मग तो माझ्याकडे काही पाठवणार कसा? आणि त्याने पाठवलं नाही तर माझी पॅकेट उंबऱ्यावरच पडणार. टर्न लावून फरक का पडला नाही, तेही यातच आलं. टर्न सर्व्हरसुद्धा आपल्या ग्राहकाने ज्या आयपीसाठी परवानगी मागितली असेल त्याचीच पॅकेट पुढे ढकलतो. तिचा ब्राउझर माझा आयपी सांगू शकत नव्हता, म्हणून तिचं टर्न मला ओळखत नव्हतं. माझ्या टर्नकडून येणारं पॅकेट परत तिच्या नॅटवर अडत होतं. माझा अख्खा शनिवार कुठे गेला हे असं तीन आठवड्यांनी समजलं.

राउटर थोडा सैल असेल तर पॅकेट आत येतं आणि कॉल लागतो. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याचा कॉल रोज लागायचा तो यामुळेच असावा. मी उगाच त्याच्या इंटरनेट कंपनीचं कौतुक करत होते.

उतारा

पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे क्रम बदला. आधी कॅमेरा-मायक्रोफोनची परवानगी घ्या, आणि ती मिळाल्यावरच सर्व्हरला 'मी हजर' असा निरोप पाठवा. समोरच्याने ऑफर पाठवायची ती 'हजर' आल्यावर. मग चष्मा सापडायला पाच मिनिटं लागली तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण खोलीत (सर्व्हरवरची दोघांच्या भेटीची जागा) पाऊल टाकलेलंच नसतं. पानावर 'कॅमेरा चालू करा' असं बटण ठेवा. त्याने परवानगीचा प्रश्न माणसाने बटण दाबल्यावरच येतो, अचानक अंगावर येत नाही. आत्याला हेच जास्त पटलं.

दुसरा उपाय पहिला केला तरी कराच: कँडिडेटसाठी रांग. ऑफर किंवा आन्सर लावून झालं नसेल तर आलेला कँडिडेट फेकायचा नाही, अ‍ॅरेमध्ये ठेवायचा. सेट-रिमोट-डिस्क्रिप्शनचा अवेट संपला की रांगेतले सगळे एकामागून एक लावायचे आणि रांग रिकामी करायची. सात-आठ ओळी होतात. नवा कॉल सुरू करताना रांग पुसायला विसरू नका. मागच्या कॉलचे पत्ते नव्या कॉलला लावले की वेगळाच तमाशा सुरू होतो.

तिसरी गोष्ट जरा आडवाटेची आहे. निरोप आल्यावर चालणारं फंक्शन आपण सर्रास एसिंक लिहितो आणि मनात धरतो की एक निरोप पूर्ण झाल्यावर दुसरा हातात घेतला जाईल. तसं होत नाही. पहिल्या फंक्शनने अवेट म्हटलं की ब्राउझर पुढचा निरोप घेऊन तेच फंक्शन पुन्हा सुरू करतो. पीअर कनेक्शनच्या स्वतःच्या क्रिया आतल्या आत रांगेत लागतात, त्यामुळे सेट-रिमोट-डिस्क्रिप्शन एकदा हाक मारून झालेलं असेल तर पाठोपाठचा कँडिडेट त्याच्यासाठी थांबतो. पण त्याच्या आधी तुम्ही दुसऱ्याच कशासाठी तरी अवेट करत असाल, मग तो कॅमेरा असो, टर्नचा पासवर्ड आणायची विनंती असो, तर तिथे फट पडते. सोपा उपाय म्हणजे एक प्रॉमिस धरून ठेवायचं आणि प्रत्येक नवा निरोप त्याच्या 'देन'ला लटकवायचा. निरोप ओळीने हाताळले जातात. मात्र त्या साखळीत माणसाच्या होकाराची वाट बघणारी पायरी ठेवू नका.

निरोप नेणाऱ्या वेबसॉकेटला (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी वाट) मात्र यात दोष देऊ नका. ते टीसीपीवर चालतं, पाठवलेल्या क्रमानेच पोचवतं. क्रम बिघडवतो तो आपला कोड. एका मित्राच्या सर्व्हरमध्ये ऑफर आली की डेटाबेसमध्ये खोलीची नोंद बघायची आणि मग पुढे पाठवायची असं होतं, आणि कँडिडेट मात्र थेट पुढे. साहजिकच कँडिडेट ऑफरला ओलांडून जायचे. त्याने दोन दिवस नेटवर्क तपासलं.

रोग हाच आहे की दुसरा, हे पाच मिनिटांत ओळखायची एक युक्ती आहे. कँडिडेट एकेक न पाठवता थांबा, आइस गॅदरिंगची अवस्था 'कम्प्लीट' होऊ द्या, आणि मग लोकल डिस्क्रिप्शन वाचून पाठवा. त्यात सगळे पत्ते आतच आलेले असतात, एकाच पाकिटात. कॉल लागायला थोडा उशीर होतो, पण हरवायला सुटं काही उरत नाही. असं करून कॉल दर वेळी लागला आणि सुट्या कँडिडेटने कधीमधीच लागला, तर क्रमाचाच घोळ आहे. असं करूनही अडकला, तर नॅट-टर्नकडे वळा. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर बरं झालं असतं. दोन माणसांच्या छोट्या कामासाठी कायमचं असंच ठेवलं तरी काही पाप नाही.

खोलीतलं भूत

क्रम सुधारल्यावर दुसरं दुखणं वर आलं. ते आधीपासून होतंच, पहिल्याच्या आड लपलं होतं. आत्याचा फोन मधेच झोपला किंवा वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, की ती परत येताना सर्व्हर सांगायचा: खोली भरली आहे. दोघांचीच खोली, त्यात मी एक आणि दुसरी आत्याच, पण मेलेली.

फोनचं नेटवर्क बदललं की जुनं टीसीपी कनेक्शन निरोप न घेता जातं. सर्व्हरला 'क्लोज' मिळत नाही. तो त्या सॉकेटला जिवंतच समजत राहतो. यावर नेहमीचा उपाय म्हणजे दर ३० सेकंदांनी सर्व्हरने पिंग ('आहेस का?' अशी हाक) पाठवायचा आणि मागच्या पिंगचं उत्तर आलं नसेल तर सॉकेट तोडायचं. पाँग ब्राउझर आपोआप देतो, पानावर काही लिहावं लागत नाही. उलट पानावरच्या जावास्क्रिप्टमधून प्रोटोकॉलचा पिंग पाठवताच येत नाही, म्हणून तो सर्व्हरनेच पाठवायचा.

तरीही मधली ३० ते ६० सेकंदं भूत खोलीत राहतंच. म्हणून दुसरा भाग: प्रत्येक पानाला एक ओळखक्रमांक द्या, तो सेशन स्टोरेजमध्ये ठेवा, आणि त्याच क्रमांकाने कुणी परत आलं तर 'खोली भरली' न म्हणता जुनं सॉकेट काढून नवं बसवा.

आणि इथेच तो किडा आहे ज्याने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. सर्व्हरच्या मॅपमध्ये (कोणत्या क्रमांकाचं सॉकेट कोणतं याची यादी) क्रमांकासमोर नवं सॉकेट बसलं. जुनं सॉकेट थोड्या वेळाने अधिकृतपणे मेलं, त्याचं 'क्लोज' चाललं, आणि त्या फंक्शनने नेहमीप्रमाणे मॅपमधून तो क्रमांक पुसला. म्हणजे नवं, जिवंत सॉकेट पुसलं. आत्या खोलीत आहे, तिच्या स्क्रीनवर 'जोडलेलं आहे' दिसतंय, आणि सर्व्हरच्या हिशोबी ती अस्तित्वातच नाही. मी पाठवलेले निरोप हवेत. पुसण्याआधी एकच तपासणी हवी: मॅपमध्ये या क्रमांकासमोर जे सॉकेट आहे, ते मीच आहे का? असेल तरच पुसा. एका 'इफ'चं काम.

आयफोनबद्दल एक जोड. पान मागे गेलं की वेबसॉकेट कधी मरेल याचा भरवसा नाही. पान पुन्हा समोर आल्याची व्हिजिबिलिटी-चेंज ही घटना ऐका, सॉकेट उघडं आहे का बघा, नसेल तर लगेच नवं जोडा.

बरोब्बर एका मिनिटाने

सॉकेट ठरल्यासारखं साठ सेकंदांनी तुटत असेल तर सर्व्हरपुढच्या एनजिनएक्सकडे (विनंत्या आत पोचवणारा प्रॉक्सी) बघा. त्याचा प्रॉक्सी रीड टाइमआउट मुळात ६० सेकंद असतो. तेवढ्या वेळात मागच्या सर्व्हरकडून काहीच आलं नाही की तो दार लावून घेतो. सिग्नलिंगमध्ये कॉल लागल्यावर बोलायला काही नसतंच, त्यामुळे हे होणारच. गंमत म्हणजे कॉल चालूच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग कुणीतरी कॅमेरा बदलतं किंवा नेटवर्क डचमळतं, नवी ऑफर पाठवायची वेळ येते, आणि पाठवायला वाटच नसते. वरचा ३० सेकंदांचा पिंग याचंही औषध आहे. वेबसॉकेट मुळात जोडलंच जात नसेल, तर त्याच फाइलमध्ये एचटीटीपीची आवृत्ती १.१ आणि अपग्रेड व कनेक्शन हे दोन हेडर पुढे पाठवले आहेत का ते बघा.

ब्लॉब

नोडची 'डब्ल्यूएस' ही वेबसॉकेट लायब्ररी वापरत असाल आणि एखादं जुनं उदाहरण बघून लिहिलं असेल, तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जेसन वाचताना 'ओ' हे अक्षर अनपेक्षित आहे अशी विचित्र तक्रार दिसेल. आठव्या आवृत्तीपासून ही लायब्ररी आलेला मजकूर स्ट्रिंग म्हणून देत नाही, बफर (कच्चे बाइट) म्हणून देते. तो तसाच पुढे ढकलला की बायनरी जातो, ब्राउझरला ब्लॉब मिळतो. ब्लॉबची स्ट्रिंग केली की कंसात 'ऑब्जेक्ट ब्लॉब' येतं. कंस जेसनला चालतो, त्याच्यापुढचा 'ओ' चालत नाही. सर्व्हरवर पुढे पाठवण्याआधी टू-स्ट्रिंग करा, विषय संपला.

त्याच लायब्ररीत एका निरोपाची कमाल मर्यादा मुळात १०० मेबिबाइट आहे. आपली पत्रिका फार तर काही किलोबाइटची. मर्यादा ६४ किलोबाइटवर आणा. आणि खोलीचं नाव 'पेटी१' असं ठेवू नका, रँडम यूयूआयडी घ्या. नाव अंदाजाने ओळखून कुणीही शिकवणीत येऊन बसेल.

दोघं एकदम बोलले तर

दोघांनी एकाच वेळी ऑफर पाठवली तर दोघंही आन्सरची वाट बघत बसतात, किंवा कन्सोलमध्ये अवस्थेची एरर येते. छोट्या कामाला सरळ नियम पुरतो: खोलीत जो आधी आला तोच ऑफर पाठवणार, आणि हे सर्व्हरने ठरवून सांगायचं. कॉलच्या मधे दोघांनाही काही बदलायची मुभा हवी असेल तर मात्र 'परफेक्ट निगोशिएशन' म्हणून ओळखली जाणारी रीत घ्या. एकाला नमतं घेणारा ठरवायचा, एकाला अडून बसणारा. टक्कर झाली की नमतं घेणारा आपली ऑफर मागे घेतो आणि समोरच्याची स्वीकारतो. अडून बसणारा आलेली ऑफर सोडून देतो. आत्या आणि मी यात कोण काय आहे, ते सर्व्हरच ठरवतो.

आणि मग खरोखरच टर्न

एवढं सगळं नीट केल्यावरही ठाण्याच्या विद्यार्थ्याचा कॉल मोबाइल डेटावरून लागेना. इथे नोंदवही स्वच्छ होती: ऑफर, आन्सर, दोन्हीकडचे कँडिडेट, सगळं जागच्या जागी. क्रोममध्ये 'वेबआरटीसी इंटर्नल्स' नावाचं आतलं पान आहे, फायरफॉक्समध्ये 'अबाउट वेबआरटीसी'. कॉल लावायच्या आधीच ते उघडून ठेवा. तिथे कोणत्या पत्त्यांच्या जोड्या तपासल्या आणि कोणती जमली ते दिसतं. प्रत्येक कँडिडेटला प्रकार असतो. 'होस्ट' म्हणजे घरातला पत्ता (हल्ली ब्राउझर कधीकधी तो लपवून '.लोकल'ने संपणारं लांबलचक नाव देतात, घाबरू नका). 'एसआरएफएलएक्स' म्हणजे स्टनने सांगितलेला बाहेरचा पत्ता. 'रिले' म्हणजे टर्नचा.

मोबाइल नेटवर्कवर बहुतेकदा शेकडो ग्राहक एकाच बाहेरच्या आयपीमागे असतात. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर तुम्ही अशाच सामायिक नॅटच्या मागे आहात. हा पट्टा त्यासाठीच २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. असा नॅट सिमेट्रिक असेल, तर तो प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा पोर्ट वापरतो. स्टनला दिसलेला पोर्ट फक्त स्टनपुरता खरा, समोरच्यासाठी तो पत्ता निरुपयोगी. दोन्ही टोकं कडक असली की टर्नशिवाय गत्यंतर नाही.

माझा शनिवार इथे कामी आला, पण निम्माच. टर्न खरंच चालतंय का हे मी तेव्हा तपासलंच नव्हतं. तपासायला पीअर कनेक्शन बनवताना आइस ट्रान्सपोर्ट पॉलिसी 'रिले' ठेवा. मग ब्राउझर टर्नशिवाय दुसरा कोणताच मार्ग वापरत नाही. कॉल लागला तर टर्न जिवंत. माझा लागला नाही. क्लाउडवरच्या मशीनला स्वतःचा बाहेरचा आयपी माहीत नसतो, आतलाच माहीत असतो, आणि कोटर्न तोच आतला पत्ता वाटत होतं. त्याच्या फाइलमध्ये एक्सटर्नल आयपीची ओळ भरली. ३४७८ पोर्ट मी उघडला होता, पण रिलेसाठी लागणारा ४९१५२ ते ६५५३५ हा यूडीपी पट्टा फायरवॉलमध्ये बंदच होता. तो उघडला. लागला.

टर्नचा कायमचा पासवर्ड पानाच्या कोडमध्ये लिहू नका. तो कुणालाही दिसतो आणि तुमच्या पैशाने दुसऱ्यांचे कॉल चालतात. कोटर्नमध्ये मुदतीच्या पासवर्डची सोय आहे: यूजरनेममध्ये मुदत संपण्याची वेळ, आणि पासवर्ड म्हणजे त्याच यूजरनेमवर गुप्त किल्लीने काढलेला एचमॅक (एक प्रकारची सही). तो सिग्नलिंग सर्व्हरनेच 'हजर'च्या उत्तरात पाठवावा, वेगळी विनंती नको. खर्चाचा अंदाज असा: एका दिशेने १ मेगाबिटचा प्रवाह तासाला ४५० मेगाबाइट होतो, आणि टर्नमधून दोन्ही दिशा जातात. पेटीच्या शिकवणीत बोटं दिसली आणि सूर स्वच्छ आला की पुरे, म्हणून मी व्हिडिओचा कमाल बिटरेट ३०० किलोबिटवर बांधला आणि आवाजाला हात लावला नाही.

एक किरकोळ राहिलं. घरच्या नेटवर्कवर फोनवरून चाचणी घेताना १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता उघडलात तर कॅमेरा मागणारं ऑब्जेक्टच सापडत नाही. ब्राउझर कॅमेरा देतो तो एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच. त्यामुळे चाचणीसाठीही सर्टिफिकेट लागतं. चाचणी घ्यायचीच तर एक टोक वायफायवर आणि दुसरं मोबाइल डेटावर ठेवा, परवानग्या पुसून टाका, आणि परवानगीचा प्रश्न आला की मनात वीसपर्यंत आकडे मोजूनच 'हो' दाबा.